पंडिता रमाबाई आणि सहासष्ट पुस्तकांचा ग्रंथ

वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेल्या आपल्या जंगलमुलखातील मंडळ्यांत फिरत असता उपदेशकबंधू आम्हांस एकच प्रश्न नाना परींनी विचारतात. पवित्र शास्त्रातील पुस्तके ज्या क्रमाने बांधली आहेत तो क्रम कशाच्या आधाराने लावला? उत्पत्ती प्रथम यावे हे समजते; परंतु एस्तेरची कथा संपताच ईयोब का यावा? प्रभूचे चरित्र एकच असता शुभवर्तमाने चार का? नवा विश्वासी मोठ्या हौसेने पहिल्या पानापासून वाचावयास बसतो, लेवीय पुस्तकापाशी येऊन थकतो, आणि मग ग्रंथ फडक्यात बांधून फळीवर ठेवतो, असेही पुष्कळ घरी आढळते. ह्या विषयाचे कोरडे टिपण देण्यापेक्षा, जिने हा सबंध ग्रंथ मूळ इब्री व ग्रीक भाषांतून अक्षर अक्षर लावून मराठीत आणिला, त्या बाईचे चरित्र सांगावे हे आम्हांस बरे वाटले. पंडिता रमाबाईंचे नाव कोणास ठाऊक नाही? तथापि त्यांच्या शाळा व आश्रम ह्यांविषयीच लोक बोलतात, ग्रंथाविषयी थोडे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. स्त्रियांस संस्कृत विद्या देणे त्या काळी अधर्म समजत; तरी शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस ती शिकविली, आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला. लोकांचा रोष चुकवावा म्हणूनच ते कुटुंब रानात राहावयास गेले होते. पुढे त्याच आईने लहानग्या रमेस संस्कृत पढविले.

रमा लहान असतानाच हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले व पुराण सांगून पोट भरू लागले. पुराणिकाचा धंदा कसा असे हे आमच्या तरुण वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराणिक आसन मांडून बसे, पोथी सोडी आणि संस्कृत श्लोक गोड सुरात वाची. येणारेजाणारे पोथीपुढे फुले, फळे, धान्य, पैसे ठेवीत. अर्थ सांगितलाच पाहिजे असा नेम नव्हता. पुष्कळ श्रोत्यांस एक अक्षर समजत नसे. परंतु ऐकल्यानेच पुण्य लागते असा समज असल्यामुळे ते संतोषाने घरी जात. रमाबाईंनी हे काम बाळपणापासून तरुणपणापर्यंत केले. अठरा हजार श्लोकांचे व बारा स्कंधांचे भागवत त्यांस मुखोद्गत होते असे सांगतात. महाभारताची अठरा पर्वे, त्यांतील भीष्मपर्वात गीतेचे अठरा अध्याय, ही सर्व मांडणी त्यांच्या जिभेवर होती. मोठा ग्रंथ कसा रचिलेला असतो हे त्यांच्याइतके जाणणारी बाई त्या काळच्या हिंदुस्थानात विरळा. आणि ज्यास ऐकवावयाचे त्यास काहीच न कळता वाचन पार पडू शकते, हेही त्यांनी फार जवळून पाहिले होते. ह्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण पुढील सर्व हकीगतीचे बीज आम्हांस येथेच दिसते.

1874 च्या सुमारास दक्षिणेत अन्नाची ददात पडली. जवळचा पैसा दानधर्मात व नवसात सरलेला, मजुरी करण्यास कुळाची लाज आड येई. तिरुपतीकडील रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढिले. प्रथम वडील गेले, मागून आई, मग थोरली बहीण. रमा व बंधू श्रीनिवास एवढे उरले. ही दोघे हजारो मैल पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन ह्या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच रमाबाईंनी ख्रिस्ती उपासना प्रथम पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून, हे खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत असे त्यांस वाटले. (आपल्याही गावी बाहेरचा मनुष्य प्रथम येतो तेव्हा त्यास काय काय वाटत असेल!) त्या प्रसंगी त्यांस संस्कृतातील बायबलाची एक प्रत भेट मिळाली. आता पाहा: एवढी संस्कृत जाणणारी बाई, आणि ग्रंथ संस्कृतात, तरी त्यांस तो उमजला नाही. भाषेची धाटणी निराळी, शिकवण निराळी. हे वाचणे म्हणजे वेळ दवडणे आहे असे त्यांस वाटले. मात्र ती प्रत त्यांनी टाकून दिली नाही, जवळच ठेविली.

ह्याचे कारण आमच्या समजुतीने असे. पुराणात सांगणारा एक व ऐकणारा एक असतो. शुक सांगतो आणि परीक्षिती ऐकतो, आणि त्या एका सूत्रात सर्व कथा ओवलेल्या असतात. पवित्र शास्त्र तशा रीतीने रचिलेले नाही. बायबल हा शब्दच ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ पुस्तके असा अनेकवचनी आहे. सहासष्ट पुस्तके, एकोणचाळीस जुन्या करारात व सत्तावीस नव्या करारात. लिहिणारे राजे, मेंढपाळ, याजक, कोळी, वैद्य. आणि लिहिण्याचा काळ कित्येक शतकांचा. दफ्तराच्या पेटीत कायदा, बखर, गीत व पत्र शेजारी शेजारी ठेवलेली असावीत तशी ही पुस्तके आहेत. जो मनुष्य कायद्यास बखर समजून किंवा पत्रास पुराण समजून वाचील तो गोंधळणारच, मग तो पंडित का असेना.

1880 साली बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी नोंदणीने विवाह केला व आसामातील सिलचर येथे संसार मांडिला. तेथे घरातील पुस्तकांत त्यांस एक लहानसे चोपडे सापडले. ते बंगालीतील लूकाचे शुभवर्तमान होते. ते घरात कसे आले हे त्यांस उमगले नाही. परंतु ते त्यांनी आवडीने वाचिले. जेथे सबंध ग्रंथ हरला तेथे एक पुस्तक जिंकले. आणि पुस्तक कोणते तर लूकाचे, जो आरंभीच आपण सर्व गोष्टींचा शोध करून त्या अनुक्रमाने लिहीत आहो असे थियफिल नामक गृहस्थास कळवितो! नव्या वाचकास ह्याहून सोपे दार कोणते असणार? पुढे ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी त्यांच्या घरी येऊ लागले व त्यांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय त्यांस समजावून दिला. म्हणजे नव्या करारात त्या लूकाच्या दाराने शिरल्या, व जुन्यात उत्पत्तीच्या. पतीस हे रुचले नाही. थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी 1882 मध्ये, पटकीने त्यांचा अंत झाला आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापिला, आणि मिस हर्फर्ड नावाच्या बाईंपाशी मराठी नवा करार वाचण्यास आरंभ केला. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा हेतू होता, पण कानांनी ऐकू येईनासे झाल्यामुळे तो सोडावा लागला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. ह्यापूर्वी लंडनातील फुलहॅम येथे, समाजाने टाकिलेल्या स्त्रियांस ख्रिस्ती भगिनी प्रेमाने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. असे का करिता ह्या त्यांच्या पृच्छेस उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांस वाचून दाखविला. शोमरोनी स्त्री व प्रभू ह्यांची विहिरीवरील भेट त्यात आहे. ही हकीगत मत्तयात नाही, मार्कात नाही, लूकातही नाही. शुभवर्तमाने चार का, ह्या प्रश्नाचे एक उत्तर रमाबाईंच्या चरित्रातच असे मिळते. योहानाचे पुस्तक नसते तर ज्या गोष्टीने त्यांचे अंतःकरण हलले ती आपणांस ठाऊकच नसती.

बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेविली नाही. वाँटेजच्या भगिनी चर्चच्या परंपरेवरून एखादे मत सांगत, तेव्हा शास्त्रात ते कोठे आहे असे त्या विचारीत. त्यावरून पुष्कळ वाद झाला. आम्हांस त्यात उद्धटपणा दिसत नाही. बिरुयातील लोकांनी पौलाच्या बाबतीत हेच केले, आणि त्याबद्दल कृत्यांच्या पुस्तकात त्यांची वाखाणणी आहे.

अमेरिकेतील त्यांचा प्रवास, 11 मार्च 1889 रोजी मुंबईस विधवांसाठी उघडलेले शारदा सदन, पुढे पुण्यात झालेला गवगवा, हे सर्व वाचकांनी अन्यत्र वाचलेच असेल. आमच्या भागाशी संबंध आहे तो पुढील गोष्टीचा. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांत होरपळून निघाला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच मोडत असे, आणि आजचा गडचिरोली जिल्हा (जो 1982 साली निराळा झाला) त्या चांद्याचाच भाग होता. स्वतः रानात झाडपाला खाऊन दिवस काढलेल्या रमाबाई ह्या मध्यप्रांतात आल्या व शेकडो अनाथ मुलीबाळी घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली.

आता ह्या मुलींस शास्त्र कसे शिकवावे? मराठी बायबल होतेच. कॅरीसाहेबांनी श्रीरामपुरास 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापिले होते. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार 1826 साली निघाला. आणि 1847 पावेतो सबंध ग्रंथ मराठीत झाला होता. परंतु शेतकऱ्याच्या व कुणबिणीच्या मुलीस ती संस्कृतमिश्रित भाषा जड जात असे, हे रमाबाईंनी रोज पाहिले. शिवाय त्यांतील कित्येक शब्दांस जुन्या धर्मातील अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांचे मत होते. ह्यास्तव, इतका मोठा आश्रम चालवीत असता, वयाची पंचेचाळीस वर्षे उलटल्यावर ह्या बाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा कसून अभ्यास करून सबंध शास्त्राचे भाषांतर स्वतः हाती घेतले. मराठी विद्यार्थ्यांसाठी इब्री भाषेचे व्याकरणही लिहिले. भाषांतराच्या कामात जवळजवळ अठरा वर्षे गेली. घाटावर ज्यांच्यापुढे न समजणारे श्लोक वाचिले होते, त्या सर्वांचे देणे त्या जणू फेडीत होत्या.

जो मूळ ग्रंथातून काम करितो त्यास पुस्तकांच्या क्रमाविषयी पुष्कळ गोष्टी दिसून येतात. उपदेशकांच्या उपयोगासाठी त्या येथे सांगतो. इब्री शास्त्राचे तीन भाग आहेत: नियमशास्त्र, संदेष्टे व लेख. यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे ह्यांस आपण इतिहास म्हणतो, पण इब्री क्रमात ती पुस्तके संदेष्ट्यांत मोडतात. शेवटी मलाखी नसून इतिहासाचे पुस्तक येते. संख्याही एकोणचाळीस नसून चोवीस धरितात. कारण बारा लहान संदेष्टे मिळून एक, शमुवेल, राजे व इतिहास ह्यांची दोन दोन पुस्तके मिळून एकेक, आणि एज्रा व नहेम्या मिळून एक. मजकूर तोच, एक शब्द कमी नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांस शास्त्र उलगडून दाखविले तेव्हा मोशेचे नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रे अशी जी तीन नावे घेतली, ती ह्याच विभागणीची. तसेच हाबेलापासून जखऱ्यापर्यंतच्या रक्ताविषयी तो बोलला, त्याचा अर्थ पुष्कळ विद्वान असा करितात की हाबेल पहिल्या पुस्तकात आहे आणि मंदिराच्या अंगणात मारिलेला जखऱ्या इतिहासाच्या पुस्तकात; म्हणजे ग्रंथाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आपला क्रम जुन्या ग्रीक भाषांतराच्या धर्तीचा आहे. त्यात पुस्तके जातीजातीने लाविली आहेत: नियमशास्त्राची पाच, इतिहासाची बारा, काव्याची पाच, संदेष्ट्यांची सतरा. एस्तेरने इतिहास संपतो व ईयोबाने काव्य सुरू होते. तेथे काळाचा धागा तुटतो, आणि वाचकाचा गोंधळ बहुधा तेथेच होतो. आमोस व होशेय हे यिर्मयाच्या पूर्वी शंभराहून अधिक वर्षे होऊन गेले, तरी त्यांची पुस्तके लहान म्हणून मागे ठेविली आहेत. संदेष्टा वाचण्यापूर्वी तो कोणत्या राजाच्या दिवसांत झाला हे पहिल्या ओळींत पाहावे आणि राजांच्या पुस्तकातील तेवढा भाग आधी वाचावा. असे केले म्हणजे वाट सापडते. आपल्या रोमन शेजाऱ्यांच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तके असतात. अधिक सात ही त्याच ग्रीक संग्रहातील असून इब्री शास्त्रात ती नाहीत. गावातील चर्चेत ह्यावरून भांडण होते तसे होण्याचे कारण नाही. कोणी विचारिल्यास एवढे सांगावे.

नव्या करारात चार शुभवर्तमाने, कृत्ये, एकवीस पत्रे व प्रकटीकरण. मत्तय पदोपदी जुन्या कराराची साक्ष काढितो, म्हणून दोन करारांच्या सांध्यावर तो शोभतो. लूकाचे शुभवर्तमान व कृत्ये ही एकाच लेखकाची दोन पुस्तके, दोन्ही त्याच थियफिलास लिहिलेली. मध्ये योहान आल्यामुळे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पौलाच्या नावाची तेरा पत्रे आहेत. त्यांत मंडळ्यांस लिहिलेली आधी व व्यक्तींस लिहिलेली मागून, आणि प्रत्येक गटात साधारणपणे मोठे पत्र पुढे व लहान मागे असा लाग आहे. म्हणून रोमकरांस पत्र पहिले आले. थेस्सलनीकाकरांस लिहिलेली पत्रे त्याच्या आधीची असूनही ती मागे गेली.

अध्याय व ओव्यांचे आकडे तर ह्याहूनही पुढचे. आज चालणारे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या स्टीफन लँग्टनांनी पाडिले असे मानितात. नव्या करारातील ओव्यांचे आकडे रोबेर एस्तिएन ह्या फ्रेंच छापखानदाराने 1551 साली घातले. भाषांतर करणाऱ्यास हे आकडे कधी कधी नडतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील कथा खरे पाहता दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीस संपते. यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत त्रेपन्नाव्यात नव्हे, बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या ओवीपासून सुरू होते. उपासनेत धडा वाचणाऱ्याने अध्यायाच्या आकड्यापाशी थांबण्याची घाई करू नये, हे आम्ही आमच्या उपदेशकांस नेहमी सांगतो. आणि श्लोकांच्या मांडणीत वाढलेल्या रमाबाईंस 119 व्या स्तोत्रापाशी काय वाटले असेल! इब्री भाषेच्या बावीस अक्षरांपैकी प्रत्येकासाठी आठ ओव्या, आणि त्या आठही ओव्या त्याच अक्षराने आरंभ होणाऱ्या. असे कौशल्य भाषांतरात उतरत नाही. अर्थ मात्र उतरतो, आणि रमाबाईंनी अर्थ धरिला.

कोणी लिहितात की सर्व शास्त्राचे भाषांतर एकटीने करणारी जगातील पहिली स्त्री रमाबाईच. हे बरोबर नाही. अमेरिकेतील ज्यूलिया स्मिथ ह्या बाईंचे इंग्रजी भाषांतर 1876 साली छापून निघाले होते. त्याने रमाबाईंस काही उणेपणा येत नाही. ज्यूलियाबाईंस दोन हजार माणसांची चूल पेटवावी लागत नव्हती. रमाबाईंची भाषा सोपी, परंतु मुळास फार चिकटून चालणारी असल्यामुळे कोठे कोठे खडबडीत वाटते, हेही खरे. आपल्या मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. आईने आपल्यामागे मुक्तीचे काम त्यांच्याच हाती सोपविण्याचे योजिले होते. एकुलती मुलगी गेल्यावर रमाबाई खचल्या, तरी छापखान्यातून येणारे कच्चे खर्डे तपासण्याचे काम त्यांनी सोडिले नाही. मुक्तीत अशी हकीगत सांगतात की काम संपत आले असता, ते पुरे होण्यास आणखी दहा दिवस मिळावेत म्हणून त्यांनी देवाजवळ मागणे केले, आणि तेवढे दिवस त्यांस मिळाले. शेवटचा खर्डा पाहून झाला आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेविला. वयाची चौसष्ट वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उणे होते.

सबंध ग्रंथ 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळविणे, छापणे व पाने बांधणे ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. त्यांपैकी कित्येक जणी दुष्काळात केडगावास आणिल्या तेव्हा त्यांस एक अक्षरही वाचता येत नव्हते.